बाईंच्या नावावरची नोंद

मित्रांनो, मी महाविद्यालयातला एक जुना सर्व्हर आहे. संगणकशाळेमागच्या अरुंद खोलीत, पंख्याच्या घरघरीत माझी अकरा वर्षं गेली. मला आणलं तेव्हा प्राचार्य कौतुकानं म्हणाले होते, "हा आपला पहारेकरी!" कोणाच्या नावानं, कधी, कोणत्या संगणकावरून इंटरनेट वापरलं गेलं, हे मी टिपून ठेवतो. नोंदीत मी कधी चुकलो नाही, याचा मला गर्वही होता.

वाचनकक्षातल्या ग्रंथपाल बाईंचा स्वभाव मात्र मेणाहून मऊ. मुलं पासवर्ड विसरत. "बाई, उद्या प्रकल्प द्यायचाय हो!" असं कोणी रडवेलं झालं, की बाई स्वतःचं नाव घालून संगणक उघडून देत. पुढे पुढे तर त्या सकाळीच बाराही संगणक आपल्या नावानं उघडून ठेवू लागल्या. मुलांची चंगळ झाली. माझ्या नोंदीत मात्र एकाच वेळी बारा खुर्च्यांवर बाईच बसलेल्या असत.

मग एका प्रकाशकाच्या वकिलाची नोटीस आली. त्यांचं नवं पाठ्यपुस्तक कोणीतरी आमच्या वाचनकक्षातून जसंच्या तसं इंटरनेटवर टाकलं होतं. जबाबदार व्यक्तीवर कारवाई करा, नाहीतर खटला भरू, असं त्यात लिहिलं होतं. संगणकशाळा सांभाळणाऱ्या तंत्रज्ञानं माझ्याकडून नोंदीचा कागद काढला. त्यावर बाईंचं नाव होतं.

"नाव यांचं आहे सर, पण बोटं कोणाची होती?" तंत्रज्ञ म्हणाला.

"वकिलाला मी नाव देणार की बोटं?" प्राचार्य वैतागले. "बाई, कोण बसलं होतं तिथे?"

"कितीतरी मुलं येतात, सर. उगाच कोणावर आळ घेऊ? पासवर्ड माझा होता, माझ्याच नावावर लिहा."

चोर सोडून संन्याशाला फाशी! निवृत्तीला सात महिने उरले असताना बाईंच्या सेवापुस्तकात शेरा पडला आणि त्यांना तळघरात जुने कागद लावायला बसवलं. खऱ्या दोषीनं लेखी कबुली दिली तर शेरा काढू, असं प्राचार्य म्हणालेत. अजून कोणी गेलेलं नाही.

मला वाईट वाटतं. माझी नोंद बरोबर होती, तरी तिच्यामुळे अन्याय झाला.

मित्रांनो, आपला पासवर्ड जपा आणि दुसऱ्याच्या नावाआड लपू नका. आता सगळे स्वतःच्या नावानं येतात. ते पुस्तक टाकणाराही येत असेल. त्याच्या नावापुढे माझ्याकडे एकही डाग नाही. त्याला एवढंच सांगतो: बाई तळघरात डावीकडच्या दुसऱ्या खोलीत बसतात. आधी त्यांना भेट, मग प्राचार्यांकडे जा.