चौथी जागा

रविनाने पडद्यावरच्या चौथ्या आशाच्या हाताभोवती टिंबं देत मास्क, म्हणजे कापायची रेघ, ओढला, हात बोटभर वर सरकवला आणि क्लिप पुन्हा लावून पाहिली. रांग सरळ दिसली खरी, पण चौथीचा खांदा उखडल्यासारखा वाटायला लागला. रविना वैतागून उठली, कोपऱ्यातल्या खोक्यांना अडखळली, माठातलं पाणी प्यायली आणि न बसताच माऊस हलवू लागली.

पडद्यावर एकच मुलगी पाच जागी नाचत होती. गाण्यात खरं तर पाच पोरी हव्या होत्या. पावसाळाभर पाड्यावर त्यांनी तालीम केली आणि शूटिंगच्या आधीच चौघी घरच्यांबरोबर गुजरातेत ऊसतोडीला गेल्या. कॉलेजमुळे मागे राहिली ती आशा. मग कॅमेरा एका जागी रोवून तिलाच पाच वेळा, पाच जागी नाचवलं. आता प्रत्येक क्लिपमधून तेवढी आशा कापून रांग जुळवायची, हे रविनाचं काम. गेलेल्या चौघींत तिची धाकटी बहीण रिनाही होती. "खापर गावात तुझ्या खोलीत राहते, शाळा शिकते," म्हणत रिना हटून बसली होती. "खोली लहान आहे, पुढच्या वर्षी बघू," असं रविनाच म्हणाली होती. ते तिला अजून सलत होतं.

जिन्यावर चपला वाजल्या. खाली मोबाइलचं दुकान उमाकांतशेठचं, वर रविनाची ही राहायची नि कामाची खोली त्यांचीच, आणि गाण्याचा चॅनलही त्यांचाच.

"कितला येळ लावी ऱ्हायनी, रविना? सकाय भोंगऱ्याना बाजार शे. संध्याकायना आत गानं टाकनं पडी."

"उद्याचा होळीचा बाजार चुकायचा नाही, आजच टाकते, शेठ. चौथीच नीट बसत नाही."

"पाची जागे एकच पोर शे ना? मंग चौथीलेच काय व्हयनं?"

तेच तर कळत नव्हतं. चौथीवर सकाळपासून तीन जादा मास्क चढले होते. एक चेहऱ्याला, कारण ती सारखी खाली बघायची. एक हाताला. आणि एक डाव्या पायाला, कारण गिरकीत तो अर्धा ताल मागे पडायचा. तिथे रविनाने पहिलीचा पाय आणून बसवला होता. तिसरीचे नि पाचवीचे हातसुद्धा चौथीकडे येताना खाली झुकत होते. तेही तिने उचलून सरळ केले होते. तरी एक सांधावं तर दुसरं फाटत होतं. शेठ खाली गेल्यावर तिने तणतणत आशाला फोन लावला.

"चौथ्या जागेवर दमली होतीस का गं?"

"नाही, ताई."

"मग हात एवढा खाली का? पायही चुकलाय."

"चुकला नाही." आशा म्हणाली. "ती रिनाची जागा आहे. मी प्रत्येक जागी त्या त्या पोरीसारखी नाचले. नाहीतर रांग कशी होणार?"

रविनाने फोन ठेवला. आधी पायाचा मास्क काढला, मग हातांचे, शेवटी चेहऱ्याचा. क्लिप लावली. तिसरीचे नि पाचवीचे हात खाली आले आणि ठेंगण्या रिनासारख्या खाली धरलेल्या चौथीच्या हातांना आपोआप भिडले. गिरकी आली. डावा पाय मागे पडला. लहानपणी रिनाच्या ज्या पायावर सरपणाची मोळी पडली होती, तोच पाय. सकाळपासून ती तुकडे बघत बसली होती आणि सख्खी बहीण तिला ओळखू आली नव्हती. तिला स्वतःची लाज वाटली. ओढणीने डोळे पुसून तिने क्लिप पुन्हा लावली.

ऊन उतरल्यावर शेठ आले. उभ्यानेच गाणं पाहिलं.

"चौथीना पाय मांगे पडी ऱ्हायना."

"ती तशीच नाचते, शेठ."

शेठनी एकदा तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "टाक मंग," म्हणाले आणि खाली उतरले.

गाणं चॅनलवर टाकण्याआधी रविनाने ते ऊसतोडीवर असलेल्या बाबांच्या फोनवर पाठवलं. बराच वेळ काही आलं नाही. ती दारापर्यंत गेली, परत आली. मग फोनवर रेकॉर्ड केलेला निरोप आला. मागे कुणीतरी बैलांना हाकत होतं आणि त्यावरून रिनाचा आवाज आला.

"ताई, चौथी मी ना?"

रविनाने ते तीनदा ऐकलं. मग उठून, आणखी एका अंथरुणाची जागा व्हावी म्हणून, कोपऱ्यातली खोकी एकेक करून जिन्यात नेऊन ठेवायला लागली.