एकच्या बसची वाट

लिफ्टवाल्याला जाऊन दोन वर्षं झाली होती. एका सकाळी त्याची बायको चष्मेवाल्याच्या दुकानात आली. चष्मेवाला तेव्हा काचा घासायच्या यंत्रावरचं पाणी पुसत होता. त्याला वाटलं, वहिनींच्या चष्म्याची काडी पुन्हा निखळली असणार. पण तिने पर्स काउंटरवर ठेवली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "भावजी, मला तिथे घेऊन चला."

"कुठे?" त्याने विचारलं खरं, पण त्याला कळलं होतं.

"जंगलात. बावीस वर्षं, दर वर्षी चार दिवस, मी नवरा दिला त्या जंगलाला. शेवटी त्याने ठेवूनच घेतला. निदान एकदा सवतीचं तोंड तरी बघू दे."

चष्मेवाल्याने फडकं पिळलं, वाळत घातलं, पुन्हा काढून पिळलं. "चाल फार आहे, वहिनी. अकरा किलोमीटर. तुम्हाला झेपायची नाही."

"मी दिवसभर उभी राहून कवळ्या घासते. पायांचं मला सांगू नका."

ती दातांच्या कवळ्या बनवायच्या कारखान्यात कामाला होती. वरचा दात खालच्या दातावर केसभरही चुकीचा बसला तर तिच्या बोटाला आधी कळायचं. अशा बाईला टाळणं सोपं नव्हतं. चष्मेवाल्याने आणखी दोन-तीन कारणं सांगून बघितली आणि मग पुढच्या आठवड्यातला शनिवार कबूल केला.

लिफ्टवाल्याची आणि त्याची दोस्ती एका बंद पडलेल्या लिफ्टमुळे झाली होती. चष्मेवाला तेव्हा तिशीचा होता. एका जुन्या इमारतीत तो दोन मजल्यांच्या मध्ये अडकला आणि त्याला घाम फुटला. तेवढ्यात छताच्या फटीतून आवाज आला, "साहेब, घाबरू नका. मी तुमच्या डोक्यावरच बसलोय." दुरुस्तीला दीड तास लागला. तेवढा वेळ वरचा माणूस पान्हे फिरवत त्याला एका जंगलाबद्दल सांगत राहिला. तिथे शेवटच्या बसथांब्यापासून दिवसभर चाललं तरी माणूस दिसत नाही, आणि झाडं इतकी उंच की वर बघताना टोपी पडते. "मी दिवसभर वर-खाली करतो आणि पोचत कुठेच नाही," तो म्हणाला होता. "म्हणून वर्षातून एकदा तरी कुठेतरी पोचायचं." दार उघडेपर्यंत चष्मेवाल्याने त्याच्याबरोबर जायचं ठरवलं होतं.

मग दर वर्षी दोघं जात राहिले. चष्मेवाल्याने लग्न केलं नाही. एकटा जीव सदाशिव. त्याचं वर्ष त्या चार दिवसांच्या आधीचं आणि नंतरचं असं असायचं. वहिनी कधी बरोबर आल्या नाहीत. "डोक्यावर छप्पर असताना कापडाखाली झोपायचं, हे कुठल्या शहाण्याचं काम?" असं म्हणत त्या दोघांना अंडी उकडून द्यायच्या. परत आल्यावर रविवारी चष्मेवाला त्यांच्याकडे जेवायला असायचा. लिफ्टवाला गेल्यावरही ते रविवार चुकले नव्हते.

तो कसा गेला, हे चष्मेवाल्याने सगळ्यांना एकदाच सांगितलं होतं. मला ताप होता, मी तंबूत पडून होतो. त्याला कड्यावरून सकाळ बघायची होती. एकटाच गेला आणि पाय घसरला. दुसऱ्या दिवशी वनरक्षकाला सापडला. यावर कुणी काही विचारलं नाही. अशा वेळी कोण विचारतं?

शनिवारी बस शेवटच्या थांब्यावर रिकामी झाली. थांब्यापासून हाकेच्या अंतरावर वनखात्याची चौकी होती: एक खोली, एक टेबल, दोरीने बांधलेलं पेन. वनरक्षकाने चष्मेवाल्याला ओळखलं, मग वहिनींकडे बघितलं आणि उभा राहिला. नोंदवहीत नाव, दिवस, तंबूची जागा लिहायची असते. 'येण्याचं कारण' या रकान्यात सगळ्यांनी 'भटकंती' लिहिलं होतं. वहिनींनी तो रकाना मोकळा ठेवला.

चालायला लागल्यावर चष्मेवाल्याला वाटलं होतं तसं झालं नाही. वहिनी दमल्या नाहीत, तोच दमला. पायवाट सारखी चढत होती. मोठ्या झाडांखाली ऊन सुटं सुटं पडलं होतं, खाली पाचोळा इतका की पावलांचा आवाज पुढे आणि माणूस मागे. ओढ्यावरच्या लाकडी साकवावर वहिनी थांबल्या.

"इथे तो काय करायचा?"

"बूट काढायचा. पाय पाण्यात सोडून म्हणायचा, आता दुनियेला बंद पडायचं तर पडू दे."

वहिनी हसल्या. मग त्यांनीही बूट काढले आणि पाय पाण्यात सोडले. पाणी बर्फासारखं होतं. "शहाणा होता मेला," त्या म्हणाल्या. "मला कधी सांगितलं नाही हे."

दुपार कलल्यावर ते तंबूच्या जागेवर पोचले. मोठ्या दगडाच्या आडोशाला सपाट जमीन, चुलीचे काळे दगड. चष्मेवाल्याने दोन तंबू लावले, स्टोव्हवर सूप उकळलं. वहिनींनी जागा सगळीकडून फिरून बघितली, नवीन घर बघावं तशी. उजव्या हाताला वर गेलेली वाट बघितली. डाव्या हाताला झाडीत उतरलेली वाट बघितली. सूप पितानाही त्यांचं लक्ष त्या दोन वाटांकडेच होतं. मग अंधार पडायच्या आत त्या तंबूत गेल्या.

सकाळी चष्मेवाला त्यांना डावीकडच्या वाटेने घेऊन गेला. वाट एका अरुंद घळीत उतरत होती. दोन्ही बाजूंना शेवाळलेला खडक, मधून पाण्याची बारीक धार. वीस मिनिटांनी एक उतरता कातळ आला. त्याच्या पायथ्याशी वनरक्षकाने दगडांची छोटी रास रचून ठेवली होती.

"इथे," चष्मेवाला म्हणाला.

वहिनी राशीजवळ बसल्या. वरच्या दगडावरून हात फिरवला. मग त्यांनी वर बघितलं.

"कडा कुठे आहे, भावजी?"

चष्मेवाल्याने मागे, उंच बोट दाखवलं.

"म्हणजे तंबूपासून उजवीकडे, वर. आणि आपण आलो डावीकडे, खाली." त्यांचा आवाज कामावर असल्यासारखा शांत होता. "हे बसत नाही. इथून पुढे ही वाट कुठे जाते?"

"रस्त्याला."

"बसच्या?"

त्याने मान हलवली.

"त्याच्याजवळ सापडलेली सॅक मी दोन वर्षं उघडली नव्हती. मागच्या महिन्यात उघडली. झोपायची पिशवी गुंडाळून पट्ट्याने बांधलेली. कपडे घडी करून. ब्रशसुद्धा डबीत. सकाळ बघायला जाणारा माणूस ब्रश घेऊन जातो?" त्यांनी त्याच्याकडे बघितलं. "तुम्हाला ताप नव्हता ना?"

"नव्हता," चष्मेवाला म्हणाला, आणि खाली बसला.

मग त्याने सांगितलं. "दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून तो गप्प होता. सकाळी उठलो तर त्याने सामान बांधलेलं. म्हणाला, आज तिचा रिपोर्ट यायचाय. गाठीचा. मला चैन पडत नाही, मी जातो. मी म्हटलं, अजून दोन दिवस आहेत. तो म्हणाला, तू राहा, मी एकची बस पकडतो. मोठ्या वाटेने एकची मिळाली नसती. घळीतून मिळाली असती. मी म्हटलं..." तो थांबला.

"बोला."

"मी म्हटलं, जा. तू बायकोच्या ताटाखालचं मांजर. पुढच्या वर्षीपासून येऊच नकोस. रात्री पाऊस झाला होता, वहिनी. घळ ओली असणार, मला ठाऊक होतं. इथे नेहमी मी पुढे उतरायचो आणि तो माझ्या खांद्यावर हात ठेवायचा. त्या दिवशी मी तंबूतून बाहेरसुद्धा आलो नाही. तो बाहेरून म्हणाला, 'येतो रे.' मी उत्तर दिलं नाही."

वहिनींनी डोळे मिटले. "माझ्याबद्दल तो नेमकं काय म्हणाला? शब्द सांगा. तुमचे नको, त्याचे."

"म्हणाला, ती तोंडाने 'जा' म्हणाली. पण तेव्हा ती चमचे पुसत होती. पुसलेलेच चमचे पुन्हा पुन्हा पुसत होती. घाबरली की ती असं करते. मला दिसत होतं आणि तरी मी आलो."

"चमचे बघितले होते त्याने?" वहिनी म्हणाल्या, आणि आतापर्यंत कोरडा असलेला त्यांचा चेहरा एकदम मोडला. दोन्ही हातांनी तोंड झाकून त्या रडल्या, मोठ्याने, लहान मूल रडतं तशा. चष्मेवाला जवळ जायला उठला. त्यांनी हात वर करून त्याला आहे तिथेच थांबवलं.

रडणं ओसरल्यावर त्या बोलायला लागल्या. "त्या दिवशी मी दवाखान्यातल्या बाकावर साडेतीन तास बसले. शेजारच्या बाईबरोबर नवरा, मुलगी, जाऊ, सगळे. माझ्या शेजारी माझी पर्स. डॉक्टर म्हणाले, गाठ साधी आहे, काळजीचं काही नाही. बाहेर आले आणि पहिला विचार काय आला, माहितेय? आठवडाभर ह्याला सांगायचंच नाही. बसू दे झाडं बघत." त्यांनी नाक पुसलं. "तेव्हा तो इथे पडला होता."

"वहिनी, मी..."

"थांबा. टोमण्याने माणूस मरत नाही. तुम्ही रागात बोललात, तो घाईत उतरला, दगड ओला होता. ते मी समजून घेईन, आज नाही तर उद्या. पण ही दोन वर्षं? दोन वर्षं मी त्याच्या फोटोकडे पाठ करून झोपतेय. माझा जीव टांगणीला होता आणि तो कड्यावर मजा बघत होता, असं मला वाटत राहिलं. दर रविवारी तुमच्यासमोर त्याला शिव्या घातल्या मी. आणि तुम्ही मान खाली घालून जेवलात. एकदाही तोंड उघडलं नाहीत. का?"

चष्मेवाल्याला खोटं सुचलं नाही. "खरं सांगितलं असतं तर तुमचं दार बंद झालं असतं. मग मी कुठे गेलो असतो? माझं दुसरं कोण होतं?"

"म्हणजे तुम्हाला रविवार हवा होता," वहिनी म्हणाल्या. "म्हणून माझा नवरा माझ्याकडे परत येत होता, हे तुम्ही तुमच्याकडेच ठेवून घेतलंत."



वहिनींनी घड्याळ बघितलं. साडेअकरा वाजले होते. पाठपिशवी त्यांच्याबरोबरच होती. त्यांनी पट्टे आवळले आणि घळीत पुढे, खालच्या दिशेने निघाल्या.

"वहिनी, तिकडून नको. पुढे आणखी दोन कातळ आहेत. मी पुढे होतो, माझा खांदा धरा."

"नको."

त्या कातळावर बसल्या आणि बसूनच, हात टेकवत, इंचइंच खाली सरकल्या. कोपर खरचटलं, पँट चिखलाने भरली. चष्मेवाला चार हात मागे राहून उतरत होता. त्या घसरल्या तर आपण काय करणार, हेही त्याला कळत नव्हतं. त्या घसरल्या नाहीत. घळ संपली, झाडी विरळ झाली, रस्ता दिसला. एकला दहा कमी असताना दोघं थांब्यावर उभे होते, मध्ये खांबभर अंतर ठेवून.

बस आली. वहिनी पायरीवर चढल्या आणि तो मागोमाग चढायला लागला तेव्हा वळल्या.

"तुमचे तंबू वर आहेत ना, भावजी? ते आणा जा."

बस गेली. चष्मेवाला रस्त्याकडेच्या दगडावर बसला. तो रडला का, ते सांगायला तिथे कोणी नव्हतं. संध्याकाळी चौकीवर परत आल्याची नोंद करताना वनरक्षकाने विचारलं, "ताई कुठे आहेत?" तो म्हणाला, "एकच्या बसने गेल्या. वेळेवर पोचल्या."

त्यानंतरच्या रविवारी तो गेला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी त्यांच्या दारापर्यंत जाऊन बेल न वाजवता परत आला. त्याने एक लांब पत्र लिहिलं. त्यात सगळं पुन्हा सांगितलं, या वेळी स्वतःची एकही बाजू न घेता. पत्र परत आलं नाही आणि उत्तरही आलं नाही. वहिनींच्या कारखान्यातली एक बाई चष्मा करायला यायची. तिच्याकडून कळलं, त्या बऱ्या आहेत, कामावर येतात, हल्ली जरा जास्तच गप्प असतात.

पुढच्या वर्षी चष्मेवाला जंगलात गेला नाही. ते चार दिवस त्याने दुकान उघडं ठेवलं. तिसऱ्या दिवशी दुपारी वनरक्षकाचा फोन आला. या वर्षी वहीत त्याची नोंद दिसली नाही म्हणून चौकशीला केला होता.

"ताई येऊन गेल्या काल," तो म्हणाला. "एकट्याच. घळीत दोन तास बसल्या. जाताना मला विचारत होत्या, त्या कातळांवर लोखंडी साखळी लावून मिळावी म्हणून अर्ज कुणाकडे करायचा. मी कागद दिला. इथेच टेबलावर बसून लिहिला त्यांनी."

"लावतील का साखळी?"

"लावतील बहुतेक. अर्ज चांगला लिहिलाय."

चष्मेवाल्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. "माझ्याबद्दल काही विचारलं?"

वनरक्षक थोडा वेळ आठवत राहिला. "नाही," तो म्हणाला. "विचारायला पाहिजे होतं का काही?"

"नाही, नाही," चष्मेवाला म्हणाला. "सहज."