आयुष्य वाटणारी जीप

नशिराबादच्या चुडामणला यंत्रांचं भारी वेड, फक्त यंत्राबरोबर मिळालेल्या सूचना ऐकायचा तेवढा कंटाळा. अठ्ठ्याण्णव साली त्याने कुठून तरी एक जुना लॅपटॉप पैदा केला, जळगावात त्यात कुंडलीचा प्रोग्राम टाकून घेतला आणि आपली जीप घेऊन जत्रा धरल्या. टपावर 'कंप्युटर कुंडली' अशी पाटी आणि बॉनेटवर झेंडूचा हार, असा सगळा थाट होता.

लॅपटॉपची स्वतःची बॅटरी कधीच मेलेली. म्हणून जीपमधल्या सिगारेट पेटवायच्या भोकात वायर खुपसायची, मधे इन्व्हर्टरची डबी, आणि त्या डबीवर लॅपटॉप नि छोटा प्रिंटर. डबी विकणाऱ्याने बजावलं होतं, "इंजिन चालू ठेवूनच वापरा. नाहीतर हा चालेल, पण गाडी चालायची नाही." चुडामणने शहाण्यासारखी मान डोलावली होती. पण उभ्या गाडीत डिझेल जाळायचं त्याच्या जिवावर यायचं. दोन-तीन जत्रा इंजिन बंद ठेवून निभावल्या, मग ती सूचना त्याच्या डोक्यातूनच गेली.

प्रोग्राममध्ये त्याने एक दुरुस्तीही करून घेतली होती. पहिल्याच जत्रेत एका म्हाताऱ्याला यंत्राने बावन्न वर्षांचं आयुष्य दिलं आणि म्हातारा सत्तरीचा निघाला. लोक पोट धरधरून हसले. तेव्हापासून कुणीही या, काहीही वेळ सांगा, चिठ्ठीवर आयुष्य पंच्याऐंशीच छापून यायचं. लोक खूश आणि चुडामणही खूश. यात कुणाचं काय बिघडतंय, असं तो म्हणायचा.

शिंदखेड्याकडच्या तापीकाठी, नदीच्या कोरड्या पात्रात जत्रा होती. जीपशेजारी भिकुबाईचं चहाचं दुकान होतं. तिची चार वर्षांची छबी दिवसभर चुडामणच्या सीटवर चढायची आणि स्टिअरिंग फिरवून 'पों पों' करायची. चुडामणला तिचा लळाच लागला. दुपारी गर्दी ओसरल्यावर तो म्हणाला, "ताई, छबीची कुंडली काढून देतो. फुकट. जन्मवेळ सांगा."

"येळ कोन देखस भाऊ? गाया घर येत व्हत्यात, तव्हय व्हयनी."

गाई परतायची वेळ धरून त्याने साडेसहा टाकले. पंच्याऐंशी छापून आलं. भिकुबाईला अक्षर वाचता येत नव्हतं. त्याने वाचून दाखवल्यावर तिने चिठ्ठी कपाळाला लावली आणि कनवटीला खोचली.

उन्हं कलली. दुकानदार आवराआवर करू लागले, ट्रॅक्टर निघून गेले. दुकानामागे रचलेली लाकडं छबी एकेक करून आईला आणून देत होती. एकाएकी तिने किंकाळी फोडली.

"इच्चू चावना! भाऊ, मन्ही पोरले इच्चू चावना!"

लाल विंचू होता. पोरीला दरदरून घाम फुटला, मग ती ओकायला लागली. चुडामणने तिला आईसकट जीपमध्ये बसवलं, वायर ओढून काढली आणि किल्ली फिरवली. इंजिन नुसतं कण्हलं. पुन्हा फिरवली, तर तेवढंही नाही. तेव्हा त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जीपच्या बॅटरीत होती नव्हती ती सगळी वीज दिवसभर लोकांना आयुष्यं वाटण्यात संपली होती.

"धक्का मारा! अरे, धक्का मारा कुणीतरी!" तो ओरडत सुटला. माणसं धावली, पण चाकं वाळूत रुतली. चाकांखाली पोती टाकली, फळ्या घातल्या, जीप हातभर सरकून पुन्हा रुतायची. चुडामण स्वतःच्या तोंडात मारून घेत होता, देवाला शिव्या देत होता आणि त्याच देवाला नवस बोलत होता. शेवटी कुणीतरी बैलजोडी आणली. बैलांनी ओढत ओढत जीप काठावर चढवली. तिथून गाव-रस्त्याला उतार होता. उतारावर जीप सुटली, गिअर पडला आणि इंजिन एकदाचं धडधडलं.

वाटेत छबीच्या छातीत घरघर लागली. चुडामण एकसारखा मागे वळून बघत होता. मागून भिकुबाईच त्याला धीर देत होती.

"घाबरू नको भाऊ. तुन्हा कंप्युटरनी सांगेल शे ना, पंच्याऐंशी वरीस. मन्ही पोरले काय व्हत नही."

सगळ्या जगात एकट्या चुडामणला ठाऊक होतं की ती चिठ्ठी खोटी आहे. त्याला सांगायचं होतं. पण काय सांगणार, आणि कोणत्या तोंडाने?

शिंदखेड्याच्या डॉक्टरांनी पोरीला आत घेतलं आणि थोड्याच वेळात ते खाली मान घालून बाहेर आले. एवढंच म्हणाले, "जरा आधी आणायला हवी होती."

भिकुबाई रडलीच नाही. पोरीला पदरात गुंडाळून ती जीपमध्ये येऊन बसली. इंजिन चालूच होतं, ते बंद करायची चुडामणची छाती होत नव्हती. मग तिने कनवटीची चिठ्ठी काढून त्याच्यापुढे धरली.

"मन्हंच चुकनं भाऊ. मी येळ चुकीनी सांगी. त्या दिन गाया घर येवाले उशीर व्हयना. आंधारं पडनं, मंग गाया घर उन्यात. ती येळ टाकी देख ना, एकदाव."

"ताई, आता कशाला..."

"देख ना भाऊ. तुन्हा पाय पडस."

त्याने वायर भोकात खुपसली. लॅपटॉप सुरू झाला. त्याने साडेसात टाकले. प्रिंटर करकरला आणि चिठ्ठी बाहेर आली. तिच्यावर पंच्याऐंशी छापलं होतं.

"कितलं शे?" तिने विचारलं.

चुडामणने चिठ्ठीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. खरं सांगायला त्याने तोंड उघडलं.

"चार," तो म्हणाला.

भिकुबाईने सुस्कारा टाकला. मांडीवरच्या पोरीच्या केसांतली वाळू ती हलक्या हाताने झाडू लागली. मग दुसरा हात पुढे करून तिने चुडामणच्या खांद्यावर ठेवला.

"मंग जीवले लाई नको लेवू भाऊ," ती म्हणाली. "तितलंच आयुष्य व्हतं तिनं. तुन्ही गाडीना काय दोष?"