डोहाळजेवणातल्या चार वाट्या

सहाव्या महिन्यातही माझ्या उलट्या थांबेनात, तेव्हा सगळ्या हिंजवडी गावठाणानं निदान करून टाकलं. सासूबाई म्हणाल्या, "पित्त हाय, आमसूल चघळ." चुलतसासूबाई म्हणाल्या, मुलगीच होणार. पहाटे डोकं ठणकायचं, तर विश्वजीत, म्हणजे आमचे हे, म्हणाला लॅपटॉप कमी बघ. मी बिबवेवाडीत वाढलेली, स्वतःला शहाणी समजणारी. पण मीही आमसूल चघळत बसले. पोटुशी बाईचं काहीही दुखलं तरी खपून जातं हो.

सातव्यात डोहाळजेवण झालं. मला फुलांनी मढवलं आणि पुढ्यात झाकलेल्या वाट्या ठेवल्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. मी विचारलं, "चार कशाला?" बायका हसून लोटपोट, म्हणे जुळं दिसतंय. वाट्या दोनच होत्या. मी उचलायला गेले तर हात नुसताच चौरंगावर पडला.

सासूबाईंचं हसू तिथंच थांबलं. त्यांनी माझ्यासमोर एक बोट धरलं.

"किती हायत?"

"दोन."

त्यांनी आरत्या, पाहुण्या सगळं तसंच टाकलं आणि विश्वजीतला गाडी काढायला लावली.

एमआरआय काढला. डॉक्टर म्हणाले, मेंदूत गाठ आहे, आत दाब वाढलाय. उलट्या, डोकं, नजर, सगळं त्याचंच.

"बाळंतपणापर्यंत थांबू या ना," मी म्हटलं.

"नजर थांबणार नाही. कदाचित तुम्हीही नाही. बाळ अजून कच्चं आहे, ते पोटातच राहू दे. गाठ आत्ता काढू."

मला मरायची भीती वाटते. आंधळं व्हायची वाटते. पण भूलतज्ज्ञ बाई जे बोलल्या, त्याची सगळ्यात जास्त वाटते. भूल बाळालाही चढते म्हणे. मी शुद्धीवर आल्यावर काही तास ते हललं नाही तरी घाबरायचं नाही, ठोके आम्ही बघत असू. कसं घाबरायचं नाही, तेही सांगून टाकायचं होतं.

आता थिएटरच्या दारात ते जोरजोरात लाथा मारतंय. सासूबाई आणि विश्वजीत बाहेर राहिलेत. पोटावर माझा एकटीचा हात आहे.

"हात काढा आता," सिस्टर म्हणतात, "सुई लावायची आहे."

मी दुसरा हात पुढे करते.