मोद्रा गावचा वीतभर रणगाडा

मित्रांनो, रणगाडा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे काही उभं राहतं, ते आधी थोडं लहान करा. अजून लहान. मी जेमतेम वीतभर आहे. माझी तोफ पेन्सिलीहून बारीक आहे आणि तिच्यातून आजवर काहीच सुटलेलं नाही. मी प्लॅस्टिकचा आहे, जुना आहे, एका बाजूला किंचित कललेला आहे, आणि स्लोव्हाकियातल्या मोद्रा नावाच्या द्राक्षमळ्यांच्या गावात एका स्वयंपाकघराच्या खिडकीत राहतो.

माझा जन्म झाला तो तुकड्यातुकड्यांनी. कारखान्यात तापलेलं प्लॅस्टिक साच्यात शिरलं आणि माझी चाकं, झाकणं, दिवे, तोफेची नळी, सगळं वेगवेगळं एका चौकटीला चिकटून बाहेर आलं. मला डब्यात भरलं. डब्यावरच्या चित्रात मी धूळ उडवत, धूर ओकत धावत होतो. आत मात्र मी निव्वळ करड्या तुकड्यांचा खुळखुळाट होतो.

मला विकत घेतलं गेयझानं. गेयझा तेव्हा तरुण होता, बस चालवायचा आणि सुट्टीच्या दिवशी छोटे रणगाडे जोडायचा. त्यानं माझी दोन चाकं कापून काढली, घासली, आणि तेवढ्यात त्याला माझ्याहून सुबक, नव्या बनावटीचा डबा मिळाला. मग मी कपाटावर गेलो. माझ्यावर दुसरा डबा आला, त्यावर तिसरा. गेयझाचे केस पिकले, तो निवृत्त झाला, त्याच्या काचेच्या कपाटात रणगाड्यांची पलटण उभी राहिली. मी अजून डब्यातच. कुणी आपल्याला टाकून दिलं तर निदान कळतं तरी. विसरलं तर तेही कळत नाही. मी वाट बघत राहिलो.

गेयझाची थोरली बहीण ओतिलिया गावातल्या मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात चित्रं काढायची. सुरया, ताटल्या, हंडे. त्यांच्यावर पांढऱ्या कच्च्या झिलईचा थर असतो, पिठासारखा कोरडा. त्यावर कुंचला टेकला रे टेकला की रंग आत शोषला जातो. रेघ चुकली तर पुसता येत नाही, भांडं वाया जातं. ओतिलियाची रेघ चुकत नसे. खिडकीजवळच्या तिच्या जागेवर बसून ती एका दमात द्राक्षाचा वेल काढायची, आणि नव्या मुली हातातलं काम सोडून बघत राहायच्या.

एका उन्हाळ्यात, वेल अर्धा झालेला असताना, तिच्या हातातून कुंचला गळून पडला. तिनं उचलला. पुन्हा पडला. तिसऱ्यांदा तिला वाकताच आलं नाही. मेंदूतली एक रक्तवाहिनी बंद पडली होती. दवाखान्यातून ती घरी आली ती पाय ओढत, आणि उजवा हात असा की उचलला की थरथरायचा आणि सांगितलेलं ऐकायचा नाही.

तेव्हा गेयझानं कपाटावरून मला काढलं, फुंकर मारून धूळ उडवली आणि बहिणीच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

“हे काय?” ओतिलियानं विचारलं.

“रणगाडा.”

“मला लढाईवर पाठवतोयस?”

“डॉक्टरीणबाई म्हणाल्या ना, बोटांना बारीक काम हवं. हा जुनाच आहे गं, बिघडला तरी काही अडत नाही.”

“असं होय! बिघडलेल्या बाईला बिघडलेलं खेळणं.” आणि तिनं डाव्या हातानं मला असं ढकललं की मी टेबलावरून थेट फरशीवर. माझे तुकडे चुलीखाली, कपाटाखाली, जिकडे तिकडे झाले.

गेयझाचं पोट मोठं. तो गुडघ्यांवर बसून, धापा टाकत एकेक तुकडा वेचत राहिला. ओतिलियाला त्याला तसं बघून हसू आलं असावं, पण ते तिनं गिळलं आणि तोंड फिरवलं. डबा टेबलावर ठेवून तो निघून गेला.

माझ्या बुरुजाचं झाकण तेवढं चुलीखाली राहिलं होतं. दोन-चार दिवसांनी झाडताना ते तिला सापडलं. नखाएवढं गोल झाकण. ते तिनं तळहातावर घेऊन उजेडात धरलं. त्याला कडी होती, बिजागरी होती, बारीक खिळ्यांची डोकीसुद्धा होती. “कुणीतरी मन लावून केलंय हे,” ती पुटपुटली, आणि ते कुठं बसतं ते बघायला डबा उघडला.

मित्रांनो, एवढ्या वर्षांनी माझं आयुष्य सुरू झालं ते असं.

सगळं काम डाव्या हातानं. चौकट हलू नये म्हणून ती उजव्या कोपराखाली दाबून धरायची आणि डाव्या हातातल्या पात्यानं तुकडा कापायची. तुकडा उडून जायचा. ती शिव्या द्यायची, शोधायची, पुन्हा बसायची. गोंद माझ्यापेक्षा तिच्या बोटांनाच जास्त लागायचा. माझ्या पाठीवर तिच्या अंगठ्याचा ठसा उमटला आहे, तो रंगाखालूनही दिसतो. चाकं बसवताना पुढचं एक चाक तिरकं बसलं. तिनं मान कलती करून ते पाहिलं आणि तसंच सुकू दिलं.

दर रविवारी गेयझा जेवायला यायचा. एकदा ती चुलीपाशी बटाट्याच्या पोळ्यांना हंसाची चरबी लावत होती, तेवढ्यात त्यानं गुपचूप पात्यानं माझं ते चाक उचकटलं आणि सरळ करून पुन्हा चिकटवलं. त्याला वाटलं, आपण बहिणीला मदत करतोय.

ओतिलियानं ताट टेबलावर ठेवलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या लक्षात आलं.

“हे तू केलंस?”

“अगं, जरासं वाकडं होतं. जमिनीला टेकत नव्हतं.”

“तुझं नाक वाकडं आहे, गेयझा. मी कधी सरळ करायला आले होते?”

“तसं नव्हे गं. सगळ्या चाकांवर उभा राहिला की...”

“मीसुद्धा नीट टेकत नाही जमिनीला! म्हणून उद्या मलाही उचकटशील?” तिचा आवाज चिरकला. “सगळेजण माझं सगळं करून देतात. शेजारीण बटणं लावून देते. नर्स केस विंचरून देते. एवढं एक चाक मी लावलं होतं. मी.”

तिनं चाक पुन्हा काढलं आणि होतं तसं तिरकं बसवलं. त्याला तिला बराच वेळ लागला. गेयझा कोट हातात धरून दारात उभा होता. पोळ्या गार झाल्या. मग तो गेला, आणि पुढचे काही रविवार आलाच नाही.

ते दिवस वाईट गेले. ओतिलिया खिडकीशी बसून राहायची. बाहेर द्राक्षांची तोडणी संपली, धुकं उतरलं. मी जोडून झालो होतो, पण नुसता करडा, बिनरंगाचा. अखेर एक दिवस तिनं रंगाची बाटली उघडली, बहुतेक कंटाळूनच.

आधी अस्तराचा रंग, मग हिरवा. बुरुजावर पांढरा आकडा काढायचा होता. डावा हात घसरला आणि आकड्याला शेपूट फुटलं. ओतिलियानं डोळे मिटून घेतले, कारण तिच्या कामात चुकलेली रेघ म्हणजे फुकट गेलेलं भांडं. मग तिनं सहज थिनर लावलेलं फडकं माझ्यावर फिरवलं. शेपूट गेलं. खालचा हिरवा होता तसा राहिला.

“अरे, पुसता येतं की हे!” ती म्हणाली. आजवर ती माझ्याविषयी बोलली होती. माझ्याशी बोलली ती तेव्हा पहिल्यांदा.

मग काय विचारता! तिनं तो आकडा किती वेळा काढला आणि किती वेळा पुसला, ते मी सांगू शकत नाही. चुकायची मुभा मिळाल्यावर माणसाचा चेहरा कसा सैल होतो, ते मी जवळून पाहिलं.

पुढचा भाग घडला तो एका ओल्या दुपारी. डावा हात दमला होता. तिनं नकळत कुंचला उजव्या हातात घेतला. कुंचला तपकिरी रंगानं भिजलेला होता. हात उचलला तसा तो थरथरला आणि रंगाचे बारीक शिंतोडे माझ्या चाकांवर, पट्ट्यांवर, कडांवर उडाले. तिनं फडकं उचललं आणि थांबली. बाहेर द्राक्षमळ्याच्या उतारावरून एक ट्रॅक्टर येत होता. चाकांशी दाट चिखल, वर विरळ होत गेलेला, अगदी वर सुटे ठिपके. ट्रॅक्टर वळून दिसेनासा होईपर्यंत ती बघत राहिली. मग फडकं खाली ठेवलं आणि मुद्दाम, समजून उमजून, उजव्याच हातानं कुंचला पुन्हा रंगात बुडवला.

त्या दिवसापासून रंगकाम दोन्ही हातांनी झालं. रेघा डाव्या हातानं, चिखल उजव्या हातानं. हाताची थरथर कधी जास्त असे, कधी कमी, तसा चिखल दाट किंवा विरळ पडे. जिथं शिपायांच्या बुटांनी रंग झिजला असता तिथं तिनं स्पंजानं टिपके दिले. नळीच्या टोकाला काजळी धरली.

मग तिनं भावाला फोन लावला. “ये. बघायला ये, दुरुस्त करायला नको.”

गेयझा आला. चष्म्यावर भिंग चढवून त्यानं मला उजेडात फिरवलं. तिरक्या चाकापाशी त्याचं बोट क्षणभर थांबलं आणि पुढं सरकलं.

“हा चिखल कशानं केलास?”

“उजव्या हातानं.”

त्यानं चष्म्यावरचं भिंग वर सारलं. म्हणाला, “इतकी वर्षं करतोय मी, ओत्का. माझा चिखल चिखल दिसत नाही. रंग लावलेला दिसतो.”

“मग तुला आधी आजारी पडावं लागेल.”

दोघंही हसले. मग तिनं पोळ्या वाढल्या. या वेळी त्या गरम होत्या.

वसंतात गेयझाच्या, छोटे रणगाडे जोडणाऱ्यांच्या मंडळाचं प्रदर्शन भरलं. “माझं नाव लावू नकोस,” असं ती बजावत राहिली आणि त्यानं ते मोठ्या अक्षरांत लावलं. एक परीक्षक छोटी बॅटरी घेऊन माझ्यावर वाकले. त्यांनी तिरकं चाक पाहिलं, अंगठ्याचा ठसाही पाहिला. “कोणत्या आघाडीवरचा आहे हा?” त्यांनी विचारलं.

“आमच्या द्राक्षमळ्याच्या रस्त्यावरचा,” ओतिलिया म्हणाली.

ते हसले, पण गुण दिले नाहीत, आणि त्यांचं बरोबरच होतं. मला बक्षीस मिळालं नाही. गेयझाच्या रणगाड्याला मिळालं. त्याचं नाव पुकारलं तेव्हा तो माझ्यापाशी उभा राहून कुणाला तरी माझा चिखल दाखवत होता, आणि दोनदा पुकारूनही त्याला ऐकूच गेलं नाही.

प्रदर्शनाला झेलमीराही आली होती, कारखान्यातली ओतिलियाची जुनी सोबतीण. तिनं माझं कौतुक केलं, मग हातातली पिशवी उगीच या हातातून त्या हातात घेत राहिली.

“तुझी खिडकीजवळची जागा एका नव्या मुलीला दिली गं. मी आधीच सांगायला हवं होतं.”

ओतिलियानं माझ्या तोफेवरून बोट फिरवलं. “सकाळी तिथं डोळ्यांवर ऊन येतं,” ती म्हणाली. “तिला सांग, पडदा अर्धाच ओढायचा. पूर्ण ओढला तर निळा रंग कळत नाही.”

घरी येताना ती बसमध्ये रडली. मी तिच्या मांडीवर डब्यात होतो. मला ऐकू आलं.

ती जागा तिला परत मिळाली नाही. पण झेलमीरा अधूनमधून तिला घरी कच्च्या सुरया आणून देते. ओतिलिया डाव्या हातानं त्यांच्यावर वेल काढते. रेघ जाड येते, पानं अंगापिंडानं भरलेली. काही लोकांना ती आवडत नाहीत, काहींना तीच हवी असतात.

माझ्यासाठी गेयझानं काचेची पेटी करून आणली. ओतिलियानं तिच्यात लसूण ठेवला आणि मला खिडकीत मोकळाच ठेवला.

व्यायामाच्या वर्गात तिची आर्पादशी ओळख झाली. आर्पाद छपरं शाकारायचा. त्याचाही उजवा हात तसाच. तो घरी आला, त्यानं मला उचललं, हात दगा देऊन गेला आणि माझी तोफ मुळापासून मोडली. त्याचा चेहरा पांढरा पडला. “मी... मी नवीन आणून देतो, बाई.”

“नवीन कशाला?” ओतिलियानं खुर्ची पुढं ओढली. “बस. गोंद तिकडे आहे. डाव्या हातात नळी धर, उजवा नुसता टेकवून ठेव. घाई नाही.”

त्यानं चिकटवली. थोडी वरच लागली. तेव्हापासून मी आकाशावर नेम धरून बसलो आहे. त्याच्यानंतर त्या वर्गातले आणखी काही जण आले. माझा एक दिवा गेला, मागचा एक दांडा गेला, एक झाकण दुसऱ्याच झाकणाच्या जागी बसलं. प्रदर्शनात ठेवण्याजोगा मी आता राहिलो नाही. कधी कधी डब्यावरचं ते चित्र आठवतं आणि थोडं वाईट वाटतं. थोडंच.

मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखं कुणी असेल तर ओल्या फडक्यानं पुसू नका, मऊ कुंचल्यानं धूळ झाडा. भर उन्हात ठेवू नका. पण कुणाचा हात पुढं आला तर त्याच्यावर ओरडू नका. मोडलं तर मोडू द्या. आणि ज्यानं मोडलं त्याला शेजारी बसवून त्याच्याच हातून जोडून घ्या. त्याचं चाक तिरकं बसलं, तर तेवढं मात्र त्याला विचारल्याशिवाय सरळ करू नका.

काल बाहेर बर्फ पडत होतं आणि आर्पाद कोट सताड उघडा टाकून, थंडीनं लालबुंद होऊन दारात उभा राहिला. आतल्या शर्टाची बटणं वरपासून खालपर्यंत लावलेली होती, मधलं एक चुकून भलत्याच काजात.

“हे बघा! उजव्या हातानं!”

ओतिलियानं एकेक बटण नीट न्याहाळलं. चुकलेल्याला हात लावला नाही.

“झकास,” ती म्हणाली. “आता कोटाची लाव, मी थांबते.”