एका दिसाचा पाळना

माही सुंदरा तवा अंगावरची होती, अन् रोज माह्यासंगं कापसाच्या जिनात, सरकी काहाडायच्या कारखान्यात, यायची. यायची म्हनजे काय, मीच काखोटीले मारून आनायची. तांड्यात तिले पाह्याले कोनी नव्हतं. आमी बाया दिवसभर कापसातला कचरा निवडायच्या, अन् लेकरं तथीच ढिगाच्या कडेले पडून राह्यची. हवेत नुसता बारीक रेसा उडे. सुंदराच्या नाकात जाय, नरड्यात जाय, अन् पोट्टी खोकू खोकू निळी पडे. मी तिची पाठ चोळू का कापूस निवडू? थकून जायची वो माय, लय थकून जायची.

जिनाच्या भिंतीले लागून एक नवी खोली होती. पक्की, हवेशीर, अन् कायम कुलूपबंद. आमचा मुकादम दौलतसिंग आमच्याच तांड्यातला, नात्यानं भाऊच लागे. त्याले म्या एकदा म्हनलं, "दौलतभाऊ, पोट्टीले त्या खोलीत निजवू दे ना."

"ते शेटची खोली हाय. बारदाना ठेवते तिच्यात."

"मंग बारदान्याले खोकला येते काय?"

त्याले तरी कोन इचारत होतं म्हना!

मंग एक दिवस ते कुलूप निघालं. पोते बाहेर आले, खोली धुतली, अन् आत पाळने टांगले. दौलतसिंग बायाइले सांगत फिरला, "उद्या सरकारी साहेब जिन पाह्याले येनार हाय. लेकराइले तेल-पानी करून आना. साहेबानं इचारलं त सांगा, लेकरं रोज अथीच निजतेत. कोनी जास्त तोंड उघडलं त त्याची रोजी बंद."

दुसऱ्या दिवशी सुंदराले पाळन्यात टाकलं, अन् ती अशी निजली, अशी निजली का मलेच भेव वाटलं. घडीघडी जाऊन तिच्या नाकापाशी हात धरून पाहो. खोकला नाई, घरघर नाई. लेकरू असं बी निजते, हे मले माहीतच नव्हतं.

दुपारी साहेब आला. पाळन्यापाशी उभा राहून मलेच इचारते, "बाई, तुमचं बाळ रोज इथंच झोपतं?"

त्याच्या मांगं दौलतसिंग उभा. डोळ्यानंच मले खाऊन राह्यला होता. रोजी गेली त खाऊ काय?

"हो साहेब," म्या म्हनलं. "रोज."

"छान. पण ही शेटजींची मेहेरबानी समजू नका," साहेब म्हने. "जिथं एवढ्या बायका कामाला, तिथं लेकरांसाठी खोली द्यावीच लागते. कायदा आहे. मजुरीवर जसा तुमचा हक्क, तसाच या खोलीवर."

आमी माना डोलावल्या. आमाले वाटे, शेट देते ते मजुरी, अन् नाई देत ते नशीब. त्याच्यात हक्क कुठून आला बाप्पा?

साहेबाची मोटर फाटकाबाहेर गेली, अन् अथी पाळने खाली उतरले. गरज सरो, वैद्य मरो!

सकाळी सुंदरा पुन्हा ढिगापाशी, पुन्हा तोच खोकला. पन आता तिले बिनखोकल्याची निजलेली म्या पाह्यलं होतं. तेच वाईट झालं. आधी सोसत होती, आता सोसवे ना. पोट्टीले उचललं अन् खोलीसमोर जाऊन उभी राह्यली.

"दौलतभाऊ, कुलूप काहाड."

"येडी झाली काय? साहेब गेला."

"तो गेला, माही जबान नाई गेली. तुह्यासाठी भर लोकाइत सांगतलं, पोट्टी रोज अथीच निजते. मले खोटं पाडतं काय तू?"

"रुपा, कामावर जा. नाईत रोजी बंद करीन!"

"कर. मंग मी साहेबाकडे जाते अन् सांगते, साहेब, तवा खोटं बोलली, माफ करा."

अन् मी उंबऱ्यावर बसली. लोक मंग म्हनत, रुपाबाई हट्टाले पेटली. कायचा हट्ट! पायात उभं राह्याचं बळ नव्हतं, म्हनून बसली.

दौलतसिंग इकडे पाहे, तिकडे पाहे. सुंदरा माह्या मांडीवर खोकतच होती. शेवटी त्यानं कमरेची किल्ली काहाडली, एक पाळना टांगला, अन् हळूच म्हने, "तुह्या एकटीच्याच पोट्टीले बरं. बाकीच्याइले सांगू नोको."

सुंदरा निजली. मले रडूच आलं. डोळे पुसत बाहेर आली, त समोर ढिगापाशी माह्या बाजूले कापूस निवडनाऱ्या कमलीबाईचं पोट्टं. पापन्या रेशानं पांढऱ्या झालेल्या, अन् खोकून राह्यलं होतं. कमली माह्याकडे पाहे. माह्या मनात आलं, गप राह्य रुपा, तुह्यं भागलं ना?

मंग गेली अन् त्याले उचललं. सुंदराच्या पायाशी नीट जागा केली अन् निजवून देलं. 

"अवं, हे कोनाचं आनलं?" दौलतसिंग धावत आला. "म्या तुह्या एकटीचं म्हनलं होतं!"

"हे बी रोज अथीच निजते," म्या म्हनलं. "साहेबाले इचार."