दहावा डोळा

काकूंना काकू म्हणायला सुरुवात केली ती त्यांच्या साहेबिणीनेच. साहेबिणीचं वय सव्वीस, उंची जेमतेम पाच फूट, पण डोळ्यांच्या दवाखान्यातल्या मोजणीच्या खोलीत तिचा शब्द शेवटचा. काकू त्रेचाळीस वर्षांच्या. वीस वर्षं त्यांनी कपड्यांच्या कारखान्यात शिवणयंत्रावर काढली. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा पोटच्या पोरीच्या वयाच्या मुलांबरोबर बाकावर बसून त्यांनी नेत्रतंत्रज्ञाचा कोर्स केला. नोकरी लागली त्या दिवशी नवरा म्हणाला, "डोळ्यांचं काम? तुला घरात तुझा चष्मा सापडत नाही!" तीन महिने होत आले तरी हा विनोद अजून चालूच होता.

साहेबिणीला अख्खा दवाखाना पाठीमागे 'मिलिमीटर' म्हणायचा, आणि ते तिला शोभूनही दिसायचं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डोळ्याची लांबी मोजावी लागते. डोळा बधिर करणारा थेंब घालायचा, पेनासारखी एक दांडी बुबुळाला अलगद टेकवायची, की यंत्र आतली लांबी सांगतं. डोळ्यात कुठल्या नंबरचं भिंग बसवायचं ते त्या लांबीवरून ठरतं. टेकवायची म्हणजे नुसती टेकवायची. जरा दाब पडला की डोळा चेपतो, आकडा कमी येतो, भिंग जास्त नंबरचं बसतं आणि माणसाला लांबचं धूसर दिसायला लागतं. सगळा खेळ अर्ध्या मिलिमीटरच्या आतला.

आणि काकूंचा हात शिवणाचा. कापड सुईखाली दाबून सरकवायची सवय बोटांत मुरलेली. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एका आजींच्या डोळ्याची दहा मापं घेतली, दहाच्या दहा तंतोतंत सारखी. आता कौतुक होणार म्हणून काकू पदर सावरून उभ्या राहिल्या. मिलिमीटरने पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "दहाही सारखी? काकू, तुम्ही दहाही वेळा सारखंच दाबलंय."

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारखान्यात टाका वाकडा पडला की बोलणी बसायची. इथे सरळ पडला तरी बोलणी! पण मिलिमीटरने स्वतः मोजून दाखवलं. आकडे जरा जरा वेगळे आले, आणि सगळे काकूंच्या आकड्यापेक्षा मोठे. ती बरोबर होती. याचा काकूंना जास्त राग आला.

मग तिने नियम घातला. काकूंनी मोजायचं, आकडा चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी उपडी ठेवायची, नंतर ती मोजणार. दोघींच्या आकड्यात एक दशांशापेक्षा जास्त फरक नको. असे सलग दहा पेशंट जुळले की काकू एकट्या मोजणार. एक जरी चुकला तरी मोजणी पुन्हा एकपासून. काकू दोनदा सहावर घसरल्या, एकदा आठवर. डॉक्टरांनीही बजावलं होतं, तीन महिन्यांत दहा झाले नाहीत तर नोंदणीच्या खिडकीवर जागा रिकामी आहे. नाव, वय, पत्ता, पुढे चला. काकूंना ती खिडकी नको होती. हे काम त्यांना आवडलं होतं, इतकं की त्याचा त्यांना स्वतःलाच वैताग यायचा.

घरी त्या वाटीत काठोकाठ पाणी भरून पेन्सिलीचं टोक पाण्याला टेकवायचा सराव करत. टोक पाण्याला लागलं पाहिजे, पण बुडता कामा नये. मुलगी समोर बसून पंचगिरी करायची. "बुडली, आई. परत बुडली. आई, तू पाणी ढवळतेयस." एकदा तर काकूंनी वाटीच मोरीत रिकामी केली आणि लेकीला म्हणाल्या, "तू तुझा अभ्यास कर जा, फाजील कुठली!" दहा मिनिटांनी वाटी पुन्हा भरली.

शेवटच्या दिवशी नऊ जुळलेले होते. मिलिमीटरच्या वहीत लाल पेनाने नऊचा आकडा चढला होता आणि दहावा पेशंट म्हणून आत आले ते फुटबॉलचे निवृत्त पंच. सत्तरीचे, ताठ, खुर्चीत बसायच्या आधीच भांडणाला तयार.

"एकदाच मोजायचं," त्यांनी जाहीर केलं. "माझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन सहा वर्षांपूर्वी दुसरीकडे झालं. तिथे असंच कुणीतरी घाईत मोजलं. तेव्हापासून मैदानाच्या त्या टोकाला कोण पळतंय ते चष्म्याशिवाय कळत नाही. आता हा डावाच उरलाय."

"काका, बोलू नका, हलू नका, समोरच्या लाल खुणेकडे बघा," काकू म्हणाल्या.

"मी चाळीस वर्षं मैदानावर काढली. मला बघायला शिकवू नका."

काकूंनी मनातल्या मनात देवाला हात जोडले, करंगळी पंचांच्या गालावर टेकवली आणि दांडी डोळ्याजवळ नेली. दोन मापं छान मिळाली. तेवढ्यात पंचांना काहीतरी आठवलं आणि ते मान पुढे करून म्हणाले, "आणि भिंग चांगल्या कंपनीचं घालणार ना?" काकूंची करंगळी घसरली. त्यांनी हात सावरला, श्वास रोखला आणि उरलेली आठ मापं एका दमात घेतली. आठही सारखी, २२.६१. पहिली दोनच विजोड, २३.०५ आणि २३.०२. आठांच्या पंक्तीत ही दोन कसली, असं म्हणून काकूंनी ती रद्द केली आणि चिठ्ठी लिहून उपडी ठेवली.

मिलिमीटर दांडी घ्यायला पुढे झाली, तर पंच खुर्चीतून उठून उभेच राहिले. "एकदा म्हणजे एकदा. शिट्टी वाजली!"

"काका, मलाही मोजावं लागेल."

"मग पहिल्यांदा काय गंमत चालली होती का?"

त्याच वेळी ऑपरेशनच्या खोलीतून मिलिमीटरला तिसऱ्यांदा हाक आली. बाहेर चौदा माणसं बसलेली, त्यातलं एक मूल भोकाड पसरलेलं. तिने डोळे मिटले, उघडले, आणि तीन महिन्यांत न घडलेली गोष्ट केली. "राहू दे. काकूंचे नऊ जुळलेत, हाही बरोबर असणार." वहीत लाल पेनाने दहा लिहिलं, सही ठोकली आणि पळाली. पंच बूट घालून खिडकीकडे गेले.

झालं! काकूंना वाटलं, आत्ताच्या आत्ता नवऱ्याला फोन लावावा आणि म्हणावं, सापडला बरं का चष्मा. त्यांनी फाइलला लावायला मापांचा कागद छापून घेतला. रद्द केलेली दोन मापं कागदाच्या तळाशी फुली मारून आलेली होती. बुबुळामागे डोळ्यातल्या मूळच्या भिंगापर्यंत जी जागा असते तिचंही माप प्रत्येक आकड्यासमोर होतं. फुलीवाल्या दोघांत ती ३.१. आठांत २.७.

डोळ्यातली जागा बसल्या बसल्या आक्रसत नाही. ती दाबल्यावर आक्रसते. करंगळी घसरल्यावर काकूंनी जे सावरलं ते कापड सावरल्यासारखं सावरलं होतं, आणि खरी दोन मापं स्वतःच्या हाताने खोडली होती.

आधी त्यांना पंचांचा राग आला. मग मिलिमीटरचा. तीन महिने साप साप म्हणून भुई धोपटली आणि नेमका आजच विश्वास टाकायचा? मग मनात आलं, सही झालीय. कुणाला कळणार आहे? नंबर थोडा चुकला तरी चष्मा लावता येतोच की माणसाला. हे वाक्य मनात पुरं झालं आणि काकूंना स्वतःची शिसारी आली. उजव्या डोळ्याच्या वेळीही कुणीतरी नेमकं हेच म्हणालं असणार.

त्या कागद घेऊन धावल्या. पंच जिन्याच्या तोंडाशी पोचले होते.

"काका, परत चला. पुन्हा मोजायचंय."

"अहो, काय लावलंय काय! एकदा निर्णय दिला की दिला. मी चाळीस वर्षांत एक निर्णय फिरवला नाही."

"मी फिरवतेय," काकू म्हणाल्या. धाप लागली होती आणि आवाज नको इतका चढला होता. "माझा आकडा चुकला. मी डोळा दाबला. तो आकडा तसाच पुढे गेला तर हाही डोळा त्या डोळ्यासारखा होईल. आता भांडायचं असेल तर खुर्चीत बसून भांडा, पण मान हलवू नका!"

रांगेतली चौदा माणसं बघायला लागली. भोकाड पसरलेलं मूलसुद्धा गप्प झालं. पंच जिन्याचा कठडा सोडून म्हणाले, "त्या वेळी असं कुणी मागे धावलं नाही." आणि निमूटपणे मोजणीच्या खोलीकडे वळले.

या वेळी ते पुतळ्यासारखे बसले. काकूंनाच दोनदा दांडी मागे घ्यावी लागली. मापं आली ती विजोड, २३.०१, २३.०६, २३.०३. काकूंनी चिठ्ठी लिहिली, उपडी ठेवली आणि मिलिमीटरला बोलावून आणलं. काय झालं ते तिला सगळं सांगितलं, कागदावरच्या फुल्यांसकट. तिने दांडी घेतली आणि मोजलं. २३.०४. चिठ्ठी उलटली. काकूंचे २३.०३.

पंच गेल्यावर मिलिमीटरने वही ओढली. लाल पेनाने लिहिलेला दहा तिने खोडला, शेजारचे नऊही खोडले, आणि खाली लिहिलं, एक.

काकूंना रडू येत होतं आणि त्याहून जास्त, त्या पेनाचे दोन तुकडे करावेसे वाटत होते. स्वतः सांगितलं, स्वतः धावत जाऊन आणलं, आकडा जुळवून दाखवला, त्याचं हे फळ! "ठीक आहे," त्या म्हणाल्या. "उद्यापासून खिडकी. या खोलीच्या किल्ल्या कुणाकडे देऊ?"

"कसली खिडकी?"

"आज शेवटचा दिवस ना. डॉक्टर म्हणाले होते."

"तारीख डॉक्टरांची आहे. दहाचा नियम माझा आहे." मिलिमीटरने पुढची फाइल काकूंच्या हातात कोंबली. ती भलतीच चिडलेली दिसत होती, कुणावर ते कळत नव्हतं. "मघाशी मी न मोजता सही केली. ते डॉक्टरांना सांगून मला आधी माझी बोलणी खायचीत. मग तारखेसाठी भांडते. ज्याच्या भरवशावर ही खोली सोडून जाता येईल असं माणूस मला हवंय, काकू, आणि ते मला आज मिळालंय. तुम्ही फक्त दाबू नका हो!"

काकूंनी डोळे पुसले, दार उघडलं आणि दुसऱ्या पेशंटला आत बोलावलं.